तुम्ही विचारलंत म्हणून: क्रूझ पैसे वसूल होते का?

आमराईत सकाळी फिरताना, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच. त्याच्या मागोमाग येणारे प्रश्नही आता पाठ झालेत: खोली कुठली घ्यायची, बोट लागते का, शाकाहारी मिळतं का, आणि आईचे गुडघे धरलेत, तिला नेऊ का? दरवेळी रस्त्यात उभं राहून अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हटलं.

पैसे वसूल होतात, पण ते बुफेच्या काउंटरवर होत नाहीत. पोटभर आणि चवीचं जेवण आपल्या सांगलीतही मिळतं. क्रूझचे पैसे मोजायचे ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे चारी बाजूंनी दिसणारा समुद्र. दुसरी म्हणजे घरातली सगळी माणसं एका ठिकाणी असणं, आणि तेही स्वयंपाक, गाडी, सामान यांतलं काहीच कुणाच्या डोक्यावर नसताना. या दोन गोष्टींना पुरेसा वेळ मिळाला की सहल सत्कारणी लागली. मी पुढे जे काही सांगतेय ते सगळं या हिशेबाने.

आधी कधी जायचं ते. आपल्या भागात अर्ध्या घरांचं वेळापत्रक द्राक्षबाग ठरवते. ऑक्टोबरची छाटणी झाली की माल उतरेपर्यंत बागायतदाराचा पाय घराबाहेर पडत नाही, मग बेदाण्याची गडबड. नेमका तोच काळ अरबी समुद्रात फिरायला सगळ्यात चांगला. तुम्हाला ते जमणार नसेल तर एप्रिल किंवा मेचा पहिला पंधरवडा पकडा. मे संपत आला की समुद्राचा भरवसा नसतो, २०२१ चं तौक्ते वादळ मे महिन्यातलंच होतं. जून ते सप्टेंबर तर अरबी समुद्राच्या वाटेला जाऊच नये. पावसाळ्यातच सवड असेल तर सिंगापूरहून निघणाऱ्या बोटी बघा. तिथली मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्रा आणि मलाय द्वीपकल्प यांच्या मधोमध आहे, दोन्हीकडून जमिनीचा आडोसा असल्यामुळे मोठ्या लाटा उठत नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तीच सुचवते. फक्त एक काळजी घ्या: बोट सिंगापूर सोडून मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरलाच येते, तेव्हा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा, म्हणजे मल्टिपल एंट्रीचा हवा. युरोपातून तुर्कस्तानला जाऊन परत येणाऱ्या बोटींनाही हेच लागू. अलास्काचं स्वप्न असेल तर अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा काढायची तयारी ठेवा. परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात थेट प्रवासी नेता येत नाहीत, १८८६ सालचा कायदाच आहे तसा, म्हणून त्या वाटेत कॅनडाचं बंदर घेतात.

आता खोली. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळं बोटीवर गेल्यावर बदलता येतं, खोली सहसा बदलता येत नाही. लोक भाव बघून खोली घेतात. मी आधी डेक प्लॅन उघडते, म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा. आपल्या खोलीच्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे ते त्यात बघायचं. वर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल तर पहाटेच खुर्च्या ओढल्याचे आवाज सुरू होतात. खाली थिएटर असेल तर रात्री उशिरापर्यंत गाणी-बजावणी ऐकत पडायचं. वरही खोल्या आणि खालीही खोल्या, असा मजला घेतला की झोप लागते. लांबीतही मधलीच खोली मागा. बोट पुढून मागून वर-खाली होते तेव्हा मधला भाग सगळ्यात कमी हलतो, आणि जेवढं खालच्या मजल्यावर जाल तेवढं ते हलणं आणखी कमी. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी सगळ्यात वरची, टोकाची खोली कितीही सुंदर असली तरी घेऊ नये.

बिनखिडकीची आतली खोली सगळ्यात स्वस्त. भर दुपारी दिवा मालवला तरी तिथे मिट्ट काळोख होतो. दिवसभर बाहेरच भटकणाऱ्या तरुण पोरांना ती पुरते, घरात बसून असणाऱ्या वडीलधाऱ्यांना नाही. स्वस्तात खिडकी मिळतेय असं दिसलं तर ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ असं लिहिलंय का ते वाचा. तसं असेल तर खिडकीसमोर बहुतेक नारिंगी लाइफबोट टांगलेली असणार. ‘गॅरंटी’ नावाच्या खोलीत प्रकार तुमचा, पण जागा कंपनी ठरवते. दोन पैसे वाचतात, पण बोट लागणाऱ्या माणसाने तो मोह टाळावा.

बाल्कनी घेणार असाल तर बाजूही विचारून घ्या. हे फारसं कुणी सांगत नाही. मुंबईहून गोव्याकडे जाताना बोट दक्षिणेला निघालेली असते, म्हणजे पुढे तोंड केलं की किनारा डाव्या हाताला आणि मावळतीचा सूर्य उजव्या हाताला. परत येताना उलट. संध्याकाळ बाल्कनीतच घालवायची असेल तर जाण्याची संध्याकाळ हवी की येण्याची, हे ठरवूनच बाजू निवडा. कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ २०२१ पासून मुंबईहून जाते, ती मूळची १९९० साली बांधलेली बोट आहे. त्या काळच्या बोटींत बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच असायच्या, त्यामुळे हवी असेल तर लवकर बुक करा. नाही मिळाली तरी हळहळू नका, उघडा डेक सगळ्यांचाच असतो.

सांगलीहून मुंबईची बोट गाठायला महालक्ष्मी एक्सप्रेसइतकी सोयीची गाडी दुसरी नाही. रात्री बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथून बोटीचा धक्का, म्हणजे बॅलार्ड पियर, टॅक्सीने काही मिनिटांवर. चेक-इन बहुधा दुपारी असतं, त्यामुळे गाडीला उशीर झाला तरी हातात वेळ राहतो. पावसाळ्यात विमान पकडून परदेशातली बोट गाठायची असेल तर मात्र एक दिवस आधी निघा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की रस्त्यांचं काय होतं ते २०१९ ला आणि २०२१ ला आपण सगळ्यांनी बघितलंय. विमान चुकलं तर दुसरं मिळतं, सुटलेली बोट पुढच्या बंदरात गाठावी लागते.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतात. तोवर लागणारं सगळं हातातल्या पिशवीत हवं: रोजची औषधं, आधार किंवा पासपोर्ट, चष्मा, एक कपड्यांचा जोड. इस्त्री, पाणी तापवायची किटली, मेणबत्ती हे बॅगेत सापडलं तर काढून घेतात. उदबत्ती आणि निरांजनही नाही. समुद्रात आगीसारखा दुसरा धोका नाही, तेव्हा सोबत देव नेलेत तर त्यांना फूल वाहून नमस्कार करा.

बोटीवर पाऊल ठेवलं की सगळा लोंढा बुफेकडे धावतो. तुम्ही तेव्हा आधी सेफ्टी ड्रिल करून घ्या. आपल्या जुन्या माणसांच्या मनात अजून ‘रामदास’ बोट आहे. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे जाताना ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती भीती हसण्यावारी नेऊ नका, त्यांना हाताला धरून ड्रिलच्या जागेवर न्या. आपली जमायची जागा कुठली, तिथे जिन्याने कसं जायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की जीव भांड्यात पडतो. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा, एवढं नातवंडांकडून पाठ करून घ्या. इटलीच्या किनाऱ्याजवळ १३ जानेवारी २०१२ ला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली आणि बत्तीस जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल तोवर झालंच नव्हतं. त्यानंतर नियमच झाला की ड्रिल बोट सुटण्याआधी किंवा सुटताच झालं पाहिजे.

आणि मग बोट सुटण्याच्या वेळी वरच्या डेकवर या. खोलीत सामान लावत बसू नका. मुंबईहून निघताना उजव्या हाताला गेटवे आणि कुलाबा मागे सरकत जातात, दक्षिण टोकाला प्राँग्जचा दीपस्तंभ दिसतो. उजेड असेल तर डावीकडे लांबवर खांदेरी-उंदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला उभारायला घेतला तेव्हा इंग्रजांनी आणि सिद्दीने तो मोडून काढायला काय जंग जंग पछाडलं, हे पुस्तकात वाचून कळतं. पण मुंबई बंदराच्या तोंडावर ते बेट कसं मोक्यावर बसलंय, ते बोटीवरूनच समजतं.

बोट लागण्याबद्दल. आतल्या कानाला कळतं की आपण हलतोय, डोळे मात्र समोरच्या मोबाइलवर किंवा भिंतीवर असतात. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळतं. म्हणून लागायला लागलं की खोलीत जाऊन पडू नका, उघड्यावर या आणि क्षितिजाकडे बघत राहा. रिकाम्या पोटी राहू नका, कोरडी पोळी, बिस्किट, आल्याचा तुकडा काहीतरी पोटात असू द्या. गोळी घ्यायची ती मळमळायच्या आधी, निदान तासभर आधी. या गोळ्यांनी झोप येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेट असलेल्यांना त्या चालतीलच असं नाही, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारूनच सोबत घ्या.

जेवणाची चिंता आपल्या लोकांना फार असते. भारतातल्या बोटींवर शाकाहारी आणि जैन जेवण व्यवस्थित मिळतं. परदेशी बोटींवरही मिळतं, पण बुकिंगच्या वेळी कळवावं लागतं आणि पहिल्याच संध्याकाळी मुख्य डायनिंग रूमच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगावं लागतं. एकादशी असेल तर साबुदाण्याची वाट बघू नका. फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा यावर उपास छान होतो, तेवढं ते आनंदाने देतात. बोटींवर आपल्याकडची मुलं-मुली खूप असतात, गोव्याची, मुंबईची. त्यांची नावं विचारा, दोन शब्द बोला, घरापासून महिनोन्‌महिने लांब असतात बिचारी. घरचं शिजवलेलं नेऊ देत नाहीत. भडंग आणि बेदाणे बंद पाकिटातले असतील तर सहसा बोटीवर चालतात. मात्र ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उतरताना ते जाहीर करावे लागतात, नाहीतर मोठा दंड बसतो. जेवणाआधी हात साबणाने धुवा. बोटीवर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या विषाणूवर दाराशी ठेवलेलं सॅनिटायझर नीट काम करत नाही, साबण-पाणी करतं.

फोन धक्का सोडतानाच एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात तो बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. बोटीवर रोकड चालत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर चढतं. रोज रात्री हिशेब बघून घ्या, टिप्स आणि पेयं बहुधा वेगळी धरलेली असतात. परदेशात जाणार असाल तर विमा असा घ्या ज्यात बोटीवरचा दवाखाना आणि तिथून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलाय, तो खर्च फार मोठा असतो. बंदरावर उतरलात तर घड्याळ बोटीच्या वेळेचंच ठेवा. बोटीने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, तुम्ही स्वतःहून केलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

रोज छापून येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेतलं सगळं करायला जाऊ नका. दिवसाला एक किंवा दोन गोष्टी निवडा, बाकी वेळ डेकवर. पहाटे साडेपाचला तिथे चिटपाखरू नसतं. लक्षद्वीपच्या बाजूला तर पुढच्या कठड्याशी उभं राहिलं की बोटीने कापलेल्या पाण्यातून अचानक एक थवा उडतो. पाखरं वाटावीत, पण ते असतात उडणारे मासे. पंख ताठ पसरून, पाण्याला न शिवता, एका लाटेवरून दुसऱ्या लाटेपलीकडे जातात आणि टुपकन आत. एक थवा बसतो न बसतो तोच दुसरा. तास कसा जातो कळत नाही, आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत.

शेवटी आईचं. माझ्या सासूबाईंनी पंढरपूर सोडून कुठलाच लांबचा प्रवास केला नव्हता. गुडघ्यांमुळे चारधाम राहिलं, किल्ले तर लांबच. बोटीवर त्यांना एकही डोंगर चढावा लागला नाही. रात्री त्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या आणि लांबवर मासेमारीच्या होड्यांचे दिवे दिसले की मोजायच्या. नातवंडं येऊन मांडीशी बसायची आणि तीही मोजायची. तेव्हा आईला न्या, काहीच हरकत नाही. खोली लिफ्टजवळची मागा. बाथरूमच्या उंबऱ्याची उंची आधी विचारा, कारण जुन्या बोटींत तो चांगलाच उंच असतो. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच नोंदवा, धक्क्यावर गेल्यावर मागितली तर वाट बघावी लागते. बंदर असं निवडा जिथे बोट थेट धक्क्याला लागते. जिथे छोट्या होडीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं तिथे हलत्या पाण्यात पाय टाकायचा असतो, ते त्यांना झेपणार नाही. त्या दिवशी त्या बोटीवरच राहिल्या तरी चालेल, तुमच्यापैकी कुणीतरी एक सोबत थांबा. बोट रिकामी असते, खुर्ची कुठेही टाकता येते.

आणि परतीचं तिकीट महालक्ष्मीचंच काढा. बोट सकाळी धक्क्याला लागली तरी सामान, रांगा यात सकाळची कोयना एक्सप्रेस हाती लागत नाही. मधला दिवस आईला टॅक्सीने वस्तुसंग्रहालयात न्या, आत बसायला बाकं आहेत.