तुम्ही विचारलंत म्हणून: पार्कात किती माणसं सोडावीत?

मी बोरिवलीत राहते आणि रविवारी सकाळी शाळेच्या मुलांना घेऊन इथल्या संजय गांधी नॅशनल पार्कात फिरते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "काय गर्दी असते हो तिकडे! एवढीच माणसं आत, असा आकडा का नाही ठरवून टाकत?" परवा सोसायटीच्या हळदीकुंकवातही एकीनं हेच विचारलं. तोंडात तिळगूळ होता, नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे.

आकडा ठरवायला माझी ना नाही. पण माणसं मोजायच्या आधी त्यांच्या पिशव्या बघा, एवढंच म्हणणं आहे.

आमच्या जुन्या अल्बमात एक फोटो आहे. सहा वर्षांची मी, पार्कातल्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवर, तळहातावर फुटाणे आणि समोर माकड. मागे बाबा कौतुकानं हसतायत. तेव्हा ते पुण्याचं काम होतं. आज त्याच पायऱ्यांवरची माकडं तुमच्या तोंडाकडे बघतच नाहीत, थेट हाताकडे बघतात. गेल्या उन्हाळ्यात माझ्या गटातल्या एका मुलीच्या हातातली वेफर्सची पिशवी एकानं अशी सफाईनं ओढली, की तिला रडू फुटायलाही जरा वेळ लागला. पिशवी दातांनी फोडली, वेफर्स संपवले, आणि रिकामी पिशवी खाली ओढ्यात. पायथ्याशी काकड्या, करवंदं विकणारी एक मावशी बेचकी मांडीवरच ठेवते. दगड घालत नाही. नुसतं रबर ताणलं तरी माकड मागे सरतं.

माकडांचं निदान दिसतं तरी. कुत्र्यांचं लक्षातच येत नाही. उरलेली बिर्याणी, पावाचे तुकडे कुंपणाशी पडले की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. इथल्या बिबट्यांच्या विष्ठेचे अभ्यास झालेत, त्यांतही कुत्रा हे त्यांचं नेहमीचं खाणं असल्याचं दिसलंय. जंगल उणंपुरं १०४ चौरस किलोमीटरचं, आणि भोवती मुंबई-ठाण्याच्या इमारती. 'बिबट्या सोसायटीत आलाच कसा' म्हणणाऱ्यांनी आधी सोसायटीच्या मागच्या भिंतीशी एक चक्कर मारावी. तिकीट काढून आत येणाऱ्यापेक्षा भिंतीवरून कचरा भिरकावणारा पार्काला महाग पडतो, आणि तो कुठल्याच मोजणीत येत नाही.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. मुलांना बुद्धमूर्ती दाखवून झाल्या की मी त्यांना एखाद्या टाक्यापाशी बसवते. लेण्यालेण्याशी कातळात खोदलेली ही पाण्याची टाकी. तिथल्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दानं त्याच लेखांत नोंदलेली आहेत. पावसाचं पाणी कातळातल्या पन्हळींतून टाक्यात उतरायचं आणि पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं. मी विचारते, हे पाणी मे महिन्यापर्यंत न्यायचं तर इथे किती जणांनी राहावं? मग भांडणं. कुणी वीस म्हणतं, कुणी पाच. एकदा एक पोरगा म्हणाला, "ताई, आंघोळ कोण कोण करणार, त्यावर आहे." मला त्याला तिथल्या तिथे वनाधिकारी करावंसं वाटलं.

बाकी सोमवारी पार्क बंद असतं ते योग्यच. मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार हे तलावही याच जंगलात आहेत, विहार तर १८६० चा. तिथे पर्यटकांना मोकळं सोडत नाहीत, आणि सोडूही नये. गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आहे, बसनं जा, सायकलनं जा. महाशिवरात्रीला तिथे लोटणाऱ्या गर्दीचं काय करावं, यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. भाविकाला पिशवी उघडायला सांगायची माझी तरी हिंमत नाही.

हळदीकुंकवातल्या त्या बाईंना आता येत्या रविवारी यायचंय. म्हटलं, नाश्ता घरूनच करून या. त्या म्हणाल्या, "थोडासा चिवडा तरी आणते हो, मुलांना."

आणा म्हटलं. गेटबाहेर संपवू.