स्वारी औषधाला गेली

मे महिन्यातली दुपार. लिफ्टसमोरच्या लादीवर तिसऱ्या मजल्यावरचा हस्की कुत्रा पोट टेकून पसरला होता. निळे डोळे अर्धे मिटलेले, जीभ बाहेर. पुण्याच्या चाळीस डिग्रीत असला केसाळ जीव आणून ठेवणाऱ्यांबद्दल माझी काही मतं आहेत; शेजारधर्म म्हणून ती मी जिन्यातच गिळतो. त्याला ओलांडून घरी आलो, पंखा लावला, आणि डोक्यात लेऑनहार्ड सेप्पला येऊन बसला.

एरवी मला धाडसी माणसं वाचायला फारशी आवडत नाहीत. कुणी ध्रुवाकडे निघतो, कुणी शिखराकडे, आणि मला आपलं सारखं वाटत राहतं, की इकडे दूधवाल्याचा हिशोब कोण बघत होतं? पोराला ताप आला तेव्हा घरात कोण होतं? सेप्पला माझ्या या खोडीतून सुटतो. उत्तर नॉर्वेत जन्मलेला हा माणूस १९०० साली सोन्याच्या धामधुमीत अलास्कातल्या नोम गावी पोचला, खाणकंपनीत नोकरीला लागला आणि कुत्र्यांची घसरगाडी हाकायला शिकला. पुढे शर्यती जिंकल्या, पण राहिला संसारी. बायको कॉन्स्टन्स, एकुलती एक मुलगी सिग्रिड. आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मोहीम कुठली, तर औषध आणायला जाणं. मेडिकलचं दुकान तेवढं जरा लांब होतं.

जानेवारी १९२५. नोममध्ये घटसर्पाची साथ. समुद्र गोठलेला, बोटी बंद, त्या काळची उघडी विमानं त्या थंडीत भरवशाची नाहीत. गावातल्या डॉक्टर वेल्चकडे होतं ते प्रतिविष, म्हणजे घटसर्पावरचं औषध, जुनं, मुदत संपलेलं.

घटसर्प हे नाव आमची आजी आवाज खाली करून घ्यायची. तिचा धाकटा भाऊ त्यात गेला होता. मला शाळेत घालायच्या आधी वडिलांनी सायकलच्या दांडीवर बसवून नगरपालिकेच्या दवाखान्यात लस टोचायला नेलं. स्पिरिटचा वास, रांगेतली रडारड, वडिलांच्या खिशातली लिमलेटची गोळी. रात्री दंड टम्म फुगला, अंगात ताप चढला. आई वैतागलेली, आजी मात्र खूश. "चढू दे ताप," म्हणाली, "लागू पडलंय." इतकी आनंदी ती माझ्या आजारपणात पुन्हा कधी दिसली नाही.

तर नोम. औषध अँकरेजहून रेल्वेनं नेनानापर्यंत येणार, तिथून पुढे ६७४ मैल कुत्र्यांची गाडी. आधीचा बेत असा, की सेप्पलानं नोमहून निघून अर्ध्या वाटेवर ते गाठायचं आणि परत आणायचं. तो निघालाही. सत्तेचाळीस वर्षांचा गडी, मागे आजारी गावात आठ वर्षांची सिग्रिड, पुढे टोगो.

टोगोचंही सांगायलाच हवं. पिल्लू असताना रोगट, घसा सुजलेला. कॉन्स्टन्सनं गरम फडक्यांनी शेकून शेकून त्याला जगवलं. मग नवरोबांनी तो व्रात्य म्हणून देऊन टाकला, तर हा पठ्ठ्या खिडकीची काच फोडून घरी परत. जपानी नौसेनापतीचं नाव मिरवणारा हा कुत्रा त्या जानेवारीत बारा वर्षांचा होता. म्हणजे म्हातारा. तरी आघाडीला तोच.

सेप्पला निघून गेल्यावर नोममध्ये बेत बदलला. गाडीवाले वाढवले, औषध हातोहात आणायचं ठरलं. त्याला कळवणार कसं? शक्तूलिक गावाबाहेर समोरून येणाऱ्या इवानॉफच्या गाडीला तो ओलांडून चाललाच होता. इवानॉफ ओरडला म्हणून थांबला. औषध ताब्यात घेतलं आणि गोठलेला नॉर्टन साउंड, म्हणजे समुद्राची खाडी, नुकताच पार केलेला, वादळात आणि अंधारात पुन्हा पार केला. पुढच्या काही तासांत तो बर्फ फुटून वाहून गेला. एकूण २६१ मैल झाले त्याचे, त्यातले ९१ औषध घेऊन. वीस गाडीवाले, साडेपाच दिवस. २ फेब्रुवारीच्या पहाटे शेवटची गाडी नोमला पोचली. हाकणारा गुन्नार कासेन, आघाडीला बाल्टो.

आणि इथून सेप्पला मला जास्तच आपला वाटू लागतो, कारण तो रुसला. बाल्टोही त्याच्याच पागेतला, पण त्याच्या मते दुय्यम दर्जाचा. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा उभा राहिला तो बाल्टोचा. टोगोला पुढे ध्रुवप्रवासी अमुंडसेनच्या हातून पदक मिळालं, तरी सेप्पलाच्या मनातली सल काही गेली नाही. लग्नकार्यात मानाचा नारळ चुकीच्या माणसाच्या हाती गेला की आमचे काका वर्षानुवर्षं जसे धुसफुसत, त्याच जातीचा राग. मी सेप्पलाच्या बाजूनं आहे. पुतळ्याचं आता काय करणार म्हणा.

पण माझी ती खोडी काही जात नाही, घरी कोण होतं हे विचारायची. नोमच्या साथीतल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा पाच ते सात असा कुठेकुठे दिलेला असतो. तो गावातला. साथ स्थानिक एस्किमो वस्त्यांतही होती, आणि तिथली मुलं कुठे नोंद न होताच पुरली गेली, हे वेल्चनंच नंतर सांगितलं. औषध पोचवणाऱ्या वीसांतले बरेचजण स्थानिक जमातींतलेच होते. टपालाची वाट त्यांच्या पायाखालची. त्यांच्या कुत्र्यांची नावं मला एकही सांगता येत नाहीत.