दीड उदबत्ती

मिक्सरच्या भांड्याचा वॉशर आणायला भर दुपारी बाहेर पडलो आणि अर्थातच दुकान बंद. एक ते चार. जन्म पुण्यात काढून माणूस हे विसरतो कसा, ते बायको विचारेलच. चाराला वीस मिनिटं कमी होती, म्हणून टिळक स्मारकापाशी सावलीत जाऊन थांबलो, तर समोर फलक. तबलावादन. मधोमध नाव, माझ्या तळहाताएवढ्या अक्षरांत. आमच्या वाड्यातला, माडीवरचा!

पोटात बारीकसं दुखलं. सवयीचं आहे ते. पेपरात त्याचा फोटो आला की मी हमखास म्हणतो, ''हात देवदत्त आहेत बुवा त्याचे.'' ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं. देवावर ढकललं की आपल्याकडे कोणी बघत नाही.

माडीवर त्याची आजी उदबत्ती लावायची. ती संपेपर्यंत उठायचं नाही. खाली आम्ही बॅट घेऊन ताटकळत, आणि वरून धा धा तिट धा धा तूं ना. तोच कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची तीच बांधीव रचना, आठवडेच्या आठवडे. मला अजून पाठ आहे. एकदा आजी देवळात गेलेली बघून मी हळूच वर गेलो आणि उदबत्ती निम्म्यावर मोडली. म्हटलं, खूश होईल लेकाचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुड्यातली नवी काढली, मोडलेल्या जळत्या तुकड्यावर पेटवली, खोचली. पुन्हा धा धा तिट. तर्जनीच्या पेराला चिकटपट्टी, कडेनं काळी पडलेली. मी रागारागानं जिना उतरलो. आज मोजतोय, ती दीड झाली त्या दिवशी.

अकराव्या वर्षी गुरू शोधायला गदगहून पळालेले भीमसेन आपण सगळेच रंगवून सांगतो. सवाईला शाल गुंडाळून बसल्यावर तर फारच. पळणं सांगायला सोपं. पुढे कुंदगोळला गुरूच्या घरी भरलेल्या पाण्याच्या घागरींशी आपण थांबत नाही.

चार वाजून सात मिनिटांनी शटर वर गेलं. वॉशर मिळाला, मापाचा निघेलसं वाटत नाही. कार्यक्रम शनिवारी आहे. वाड्यातला म्हणून पास मागता आला असता, पण तोंड होत नाही. तिकीट केवढ्याला, ते मात्र फलकावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.