काष्ट्याची शिवण

श्रावणातला दुसरा मंगळवार. रात्रीचे पावणेअकरा.

आज मंगळागौरीच्या खेळांच्या तालमीत फजिती झाली. कोंबड्यासाठी उकिडवी बसले, दोन उड्या मारल्या आणि मागे टर्रकन आवाज. शिवलेल्या नऊवारीचा काष्टा शिवणीतून उसवला होता. बायकांना हसू आवरेना. गटातल्या पासष्टीच्या काकू नेसलेल्या सुती लुगड्यात फुगडी घालून शेजारी दम खात होत्या. म्हणाल्या, "अगं, शिवलेलं फाटतं, नेसलेलं सरकतं. सरकलं की खोचायचं!" पिना लावून रिक्षाने घरी आले.

तेव्हापासून बार्बरबाई डोक्यात आहेत. एलिझाबेथ वेलँड बार्बर. प्राचीन कापड, भाषा आणि लोकनृत्य, तिन्हींचा आयुष्यभर अभ्यास केलेली अमेरिकन विदुषी. लॉस एंजलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात शिकवत होत्या, तिथेच १९७१ मध्ये त्यांनी लोकनृत्याचा गट काढला. नाच हा त्यांचा विरंगुळा असणार, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. अभ्यास वेगळा, हौस वेगळी, अशी आपली विभागणी.

जुन्या कापडावर दोन आठवड्यांत एक छोटा लेख लिहून मोकळं व्हायचं, असा बाईंचा बेत होता. सतरा वर्षं लागली आणि १९९१ मध्ये चारशेहून जास्त पानांचा ग्रंथ आला. (प्रबंध रखडलेल्या मला हे आठवून फार बरं वाटतं.)

ऑस्ट्रियात हालश्टाटच्या मिठाच्या खाणीत चौकटीच्या लोकरी कापडाचे तुकडे सापडले आहेत, मिठात घातलेल्या कैरीसारखे टिकलेले. त्यातल्या एकाची बाईंनी हुबेहूब नक्कल विणायला घेतली. मूळ तुकड्यात एका दिशेच्या पट्ट्यांतली सुतं मोजून सारखी होती, दुसऱ्या दिशेला एखादं कमी, एखादं जास्त. त्यांनी ही कमीजास्त बाजू ताणा, म्हणजे उभे धागे, म्हणून मागावर चढवली. विणू लागल्यावर कळलं, आपलं उलटं झालंय. ताणा आधी मोजून मांडतात, तो सारखाच येणार. बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा, पट्टा विणकरीण नजरेच्या अंदाजाने बदलते, चुकलं तर तिथे चुकणार. तुकडा नुसता भिंगाखाली धरून हे सुचलं नसतं.

आपल्याकडे मागाच्या खुणा भाषेत जास्त सापडतात. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात ओतप्रोत आहे? आपण 'प्रेमाने ओतप्रोत' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे कलंडलेली घागर येते. गार्गी मात्र उभ्या-आडव्या धाग्यांबद्दल बोलते आहे. कोळ्याला वैदिक संस्कृतात ऊर्णवाभि म्हणतात, लोकर विणणारा. त्यातला 'वाभि' आणि इंग्रजीतला 'वीव्ह' एकाच धातूतून आलेले.

आणि नाच. कीव्हच्या बाजूला बाराव्या-तेराव्या शतकातली रुंद चांदीची कडी सापडली आहेत. त्यांवर नाचणाऱ्या बायका कोरल्यात, बाह्या हातांपेक्षा कितीतरी लांब, मोकळ्या लोंबणाऱ्या. बार्बरबाईंनी त्याला रशियन लोककथेतली बेडूक झालेली राजकन्या जोडली. ती नाचताना एक बाही झटकते तर तळं होतं, दुसरी झटकते तर त्यात हंस पोहू लागतात. एरवी त्या बाह्या आवरून धरायला कडी, नाचायच्या वेळी कडी उतरवायची. दागिन्यांच्या तज्ज्ञाला कडं दिसलं असतं, कथेच्या अभ्यासकाला हंस. बाह्या झटकून पाहायला नाचणारी बाई हवी. मग विरंगुळा कुठला?

नेवाशाच्या उत्खननात तांब्याच्या मण्यांत ओवलेलं सूत मिळालं, तांब्यामुळे टिकलेलं, तीन हजार वर्षांहून जुनं. ते तपासून त्यात कापूस आहे, रेशीम आहे, हे सांगता आलं. पण उद्या कुणाला अख्खं लुगडं जसंच्या तसं सापडलं तरी त्याच्या हातात येणार नऊ वार लांब सपाट कापड. निऱ्या कुठे, ओचा कुठे, काष्टा कसा, ते घालून उकिडवं बसून उड्या मारता येतात, यातलं काय कळणार? नेसणं कापडात उरत नाही. शिवलेल्या नऊवारीने ते माझ्या हातातूनही गेलं. ती मी चुडीदारासारखी पाय घालून चढवते.

उद्या पाच वाजता काकूंकडे नेसायला शिकायला जायचंय. पिना आणायच्या नाहीत, अशी ताकीद आहे.

सव्वाअकरा. ट्रंकेतून आईचं लुगडं काढलं. डांबरगोळ्यांचा वास. पलंगावर पसरून दिवा जवळ ओढला, तर काठापासून थोड्या अंतरावर हातभर पट्टा विरलेला, बाकी कापड धड. पोटाशी लावून पाहिलं. आई ओच्याची गाठ मारायची ती इथेच. वरचं 'उरत नाही' खोडायला हवं.