वर्गातल्या 'पाणी' विषयासाठी बाबाने रॉटरडॅमहून काय काय पाठवलं

लेकीच्या शाळेत चौथीला दर टर्मला एक मोठा विषय घेतात आणि मग भाषा, गणित, परिसर अभ्यास सगळं त्याच्याभोवतीच चालतं. ह्या टर्मला होता पाणी. ताईंनी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला की ज्यांच्या घरचं कोणी परदेशात असेल त्यांनी तिथलं पाण्याबद्दलचं काहीतरी वर्गासाठी पाठवा. लगेच सुरू झालं, फ्रिज मॅग्नेट चालेल का, चॉकलेटं वाटली तर चालतील का, छोट्या पवनचक्क्या मिळतात त्या मागवू का.

माझा नवरा सध्या प्रोजेक्टसाठी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला आहे. अख्ख्या देशाचा साधारण पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली, त्यामुळे पाण्याबद्दल विचारायचं तर तिथेच विचारावं. मी त्याला म्हटलं, दुकानातून काहीही घेऊ नकोस, तुझ्या दारात, रस्त्यात, टपालात पाण्याचं जे दिसतं तेवढंच पाठव. मला ह्याबद्दल फार मनापासून वाटतं, की मुलांना शोकेसमधली वस्तू दाखवली की ती "भारीये" म्हणतात आणि पुढे सरकतात, पण तिथल्या माणसाच्या रोजच्या वापरातली वस्तू हातात दिली की प्रश्न सुरू होतात आणि थांबतच नाहीत.

त्याने पहिलं काय पाठवलं तर वॉटर बोर्डाच्या टॅक्सचं पाकीट! पत्ता वगैरे काळ्या पेनाने खोडून. तिकडे पाणी सांभाळायला वेगळी मंडळं आहेत, काही तेराव्या शतकापासूनची, आता देशभरात 21 उरलीयत. बंधारे, कालवे, पंप, सांडपाणी हे सगळं त्यांच्याकडे, त्यांचा टॅक्स वेगळा आणि दर चार वर्षांनी त्यांची निवडणूकही वेगळी. वर्गात ते पाकीट हातोहात फिरलं आणि एका मुलाने विचारलं, मग आपल्याकडे पुण्यात मुठा नदीसाठी निवडणूक का नाही? ताईंनी तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, अजून पुसलेला नाहीये.

दुसरं म्हणजे एक व्हिडिओ. नवऱ्याच्या शेजारची मुलगी स्विमिंगच्या डिप्लोमाची तयारी करते, तिकडे ती परीक्षा अंगात कपडे घालून द्यावी लागते, कारण कालव्यात पडणारं मूल काही स्विमिंग कॉस्च्यूम घालून पडत नाही. तिचा चेहरा येऊ न देता आणि तिच्या आईला विचारूनच त्याने नुसत्या ओल्या कपड्यांचं शूटिंग केलं, दोरीवर टाकलेली पँट, पाणी गळतंय, बुटांतून पाण्याची धार निघतीये. मुलं हे बघून जेवढी गप्प झाली तेवढी दुसऱ्या कशालाच झाली नाहीत म्हणे. मग वर्गातल्या किती जणांना पोहता येतं ते मोजलं, त्याचा स्तंभालेख काढला, गणिताचा तास तिथेच झाला.

पण मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते 4.55 मीटर. अ‍ॅमस्टरडॅमच्या सिटी हॉलमध्ये पाण्याने भरलेल्या काचेच्या उंच नळ्या आहेत, दोन नळ्यांत समुद्राची आत्ताची पातळी दिसते आणि तिसरीत 1953 च्या पुराची पातळी, समुद्रसपाटीपासून 4.55 मीटर. त्या वर्षी 31 जानेवारी आणि 1 फेब्रुवारीच्या मधल्या रात्री बंधारे फुटून नेदरलँड्समध्ये 1,836 माणसं गेली. नवरा रविवारी मुद्दाम तिथे गेला आणि त्या नळीशेजारी उभं राहून मराठीतच बोलला, अगदी घरात बोलतो तसं. मुलांनी शाळेत दोरी मोजून दुसऱ्या मजल्यावरून खाली सोडली, 4.55 मीटरची खूण पहिल्या मजल्याच्या कठड्याच्याही वर आली! आणि तिथली जमीन तर कित्येक ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली, हे सांगितल्यावर मुलं परत वर बघायला लागली.

दोरी लटकलेली असतानाच एकाची आजी आली. ती 12 जुलै 1961 ला ह्यांच्याच वयाची होती, नारायण पेठेत राहायची. पानशेत धरण फुटलं, पुण्यातला लकडी पूल पाण्याखाली गेला, वाड्यातली सगळी माणसं पर्वतीच्या दिशेने निघाली, हे ती सांगत होती आणि मुलं मधेच विचारत होती की दोरीच्या कुठल्या खुणेपर्यंत आलं होतं पाणी. खडकवासला धरणही फुटलेलं, म्हणजे पुरानंतर नळाला पाणीच नाही, ही गोष्ट तर मुलांना पटेचना. गोखलेनगरला राहणाऱ्या दोन मुलींना आपली वस्ती मुळात पूरग्रस्तांसाठी बसवलेली आहे हे त्या दिवशी कळलं. रॉटरडॅमहून काही मागवायचं ते ह्याचसाठी असं मला वाटतं, तिकडचं बघून इकडचं विचारावंसं वाटलं पाहिजे.

आणि म्हणूनच ताईंनी तिकडच्या आणि इकडच्या वस्तूंची टेबलं वेगळी मांडली नाहीत हे फार बरं केलं. मर्चंट नेव्हीतल्या एका बाबांनी जहाजावरच्या लोडलाइनच्या, म्हणजे जहाज जास्तीत जास्त किती बुडू द्यायचं त्याच्या खुणांचा फोटो पाठवला होता, गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं म्हणून गोड्या पाण्याची खूण वेगळी असते. त्याच्याच शेजारी एका बाबांची टँकरच्या फेऱ्यांची वही, कुठल्या सोसायटीला किती वाजता, उन्हाळ्यात किती फेऱ्या वाढल्या. ज्यांचं कोणी बाहेर नाही त्या मुलांना आपण मागे पडलो असं एक मिनिटही वाटता कामा नये, ह्यावर माझं मत अगदी ठाम आहे.

तुम्ही परदेशातून काही पाठवणार असाल तर थोडं सांगते. लाइव्ह कॉलच्या फार मागे लागू नका, शाळा साडेआठला भरते तेव्हा युरोपात पहाटेचे चार-पाच वाजलेले असतात, दोन मिनिटांची क्लिप पेन ड्राइव्हवर देणं उत्तम. कागद, तिकिटं, माहितीपत्रकं पाठवा, कोणीतरी पुण्याला येणारं असतंच, त्याच्या बॅगेत सहज मावतात. बिया, कंद, माती मात्र अजिबात नको, त्याला क्वारंटाइनचे नियम आहेत, ट्यूलिपचे कंद आणायचं आम्ही त्यामुळेच रद्द केलं. आणि बोलताना मराठीत बोला हो, आपल्या घरातला माणूस बोलतोय असं वाटलं की मुलं उलट प्रश्न विचारतात.

पुढच्या टर्मचा विषय आहे प्रवास. कुठल्याही शहरातली बसची, ट्रामची, होडीची वापरलेली तिकिटं असतील तर टाकून देऊ नका, मला कळवा, शक्यतो मागे दोन ओळी लिहून, कुठून कुठे जात होतात आणि का.