साबणाचे मोठे फुगे : झडीतला अपडेट

बेळगावात झड लागलीय आणि माझ्या मते फुग्यांचा खरा सीझन हाच. उन्हाळ्यात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर दोरीतून सुटायच्या आधीच फुटणारे फुगे आता जरा उघडीप मिळाली की टेरेसवरनं शेजारच्या माडापलीकडं जातायत, सोल्युशन तेच. लोक उगीच रेसिपीला नावं ठेवतात, हवा कोरडी असली की फुग्याच्या पातळ पडद्यातलं पाणी उडतंय, मग साबण कितीही भारी असूंदे की.

सध्याचं मिक्स : १ लिटर पाणी, ५० मिली भांड्याचं लिक्विड, २ ग्रॅम ग्वार गम (केकचं सामान विकतात तिथं मिळतो, गवारीच्याच जातीच्या बियांचा). गम थेट पाण्यात टाकू नका, गुठळ्या होतात, आधी चमचाभर ग्लिसरीनमध्ये कालवून मग ढवळत ढवळत पाण्यात सोडायचा, रात्रभर ठेवायचा. सकाळी बोटं बुडवून वर उचलली की तार सुटली पाहिजे. ह्या तारेतच सगळं आहे, गमचे लांब रेणू एकमेकांत अडकून पडदा ताणू देतात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात २०२० मध्ये ह्यावर काम झालंय, त्यात वेगवेगळ्या लांबीचे रेणू मिसळलेले असले तर पडदा जास्त पातळ होईपर्यंत टिकतो असं दिसलं.

आणि साबणानं पाणी "घट्ट" होतं हा गैरसमज लई जणांचा. उलट पृष्ठताण (पाण्याच्या पृष्ठभागाची आक्रसायची ओढ) ७२ वरनं २५-३० मिलीन्यूटन प्रति मीटरवर येतो. पडदा कुठं ताणला की तिथं साबण विरळ, म्हणजे ताण वाढला, म्हणजे आजूबाजूचं पाणी तिकडं ओढलं जातं, पडदा स्वतःच स्वतःला सावरतो. नुसत्या पाण्याला हे जमत नाही.

पडदा पातळ होताना बघायला तारेची रिंग सोल्युशनमध्ये बुडवून उभी धरा, मागं काळा कपडा. पाणी खाली निथरतं तसे हिरवे-गुलाबी पट्टे सरकत जातात, वर सोनेरी, मग रुपेरी (साधारण १०० नॅनोमीटर), आणि मग एकदम काळं! भोक पडलं वाटतं, पण पडदा असतोय तिथं, फक्त इतका पातळ की पुढच्या आणि मागच्या बाजूनं परतलेला प्रकाश एकमेकांना मारतो.

बोअरचं पाणी चालतं, फक्त अंगाचा साबण घेऊ नका, साका धरतो. पुढं रिठ्याचं पाणी करून बघणाराय. खानापूरकडं कुणाकडं झाड असलं तर सांगा की, येऊन नेतो.