माझ्या वाट्याची गल्ली

1982-83 साली मी आपल्या शाळेत तिसरीला होतो. जूनमध्ये हातात पडलेल्या भूगोलाच्या पुस्तकावर उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव होतं. ऑगस्टमध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला आणि औसा तालुक्यासोबत आपलं गावही तिकडे गेलं. तिसरीचा भूगोल असतोच मुळी आपल्या जिल्ह्याचा. आता पुस्तकातला जिल्हा आमचा नव्हता, आणि आमच्या जिल्ह्याचं पुस्तक आलं नव्हतं. गुरुजींनी दोन दिवस वाट पाहिली असेल. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जिल्हा बदलला, गाव तर जागेवरच आहे न्हवं? मग गावापासून सुरू करू."

वर्गात आम्ही 26 लेकरं. गुरुजींनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला एक गल्ली दिली. अट एवढीच, की आपली स्वतःची गल्ली घ्यायची नाही. मला मारुतीच्या देवळामागची गल्ली आली. एकतीस घरं. प्रत्येक घरी जाऊन पाच गोष्टी विचारायच्या: माणसं किती, काम काय करता, पाणी कुठून आणता, घरात सगळ्यात म्हातारं कोण, आणि येळवशीला कुणाच्या शेतात जेवता.

हा शेवटचा प्रश्न आपल्याच भागातल्या माणसाला सुचावा. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी शेतात कडब्याची खोप उभी राहते, पाच दगडांचे पांडव मांडले जातात, भज्जी आणि आंबील होते आणि ज्याला शेत नाही त्यालाही कुणाच्या तरी शेतात बोलावणं असतं. घरोघरची उत्तरं वर्गात वाचली तेव्हा फळ्यावर रेघांचं जाळंच झालं. सुतार कुणाच्या तिफणी नीट करतो, कुंभार कुणाला माठ देतो, कुणाच्या खळ्यावरून कुणाला बलुतं जातं, हे त्या रेघांवरून दिसत होतं. गुरुजी मध्ये काही बोलले नाहीत, आम्हालाच बघू दिलं.

म्हाताऱ्यांना विचारायला मात्र वेळ लागायचा. "काय लिवलालास रं लेकरा?" म्हणून ते जवळ बसवून घ्यायचे आणि मग सुटका नसायची. एका आजोबांनी वहीत उर्दूत सही करून दाखवली. निजामाच्या काळात ते उर्दूतूनच शिकले होते. 17 सप्टेंबरला आपण झेंडा का लावतो, हे मला कळलं ते त्यांच्या ओसरीवर. 1948 साली त्या दिवशी मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला. त्याआधी रझाकारांच्या भीतीनं गावातली माणसं रात्री रानात कशी झोपायची ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. आणि 72चा दुष्काळ तर घराघरात होता. खडी फोडायला गेलेले हात आम्ही बघितले. सुकडी खाऊन मोठी झालेली पोरं आमच्यापेक्षा दहाच वर्षांनी मोठी होती.

माझा जोडीदार वेशीबाहेरच्या वस्तीतला होता. आमच्या वाट्याच्या गल्लीतल्या एका घरी मला फुलपात्रातून पाणी मिळालं, त्याला वरून ओंजळीत ओतलं. तो काही बोलला नाही, मीही नाही. पण 'पाणी कुठून आणता' या रकान्यात गावाचे दोन आड वेगवेगळे लिहिले गेले होते, आणि ते सगळ्या वर्गापुढे वाचलं गेलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा, 1978 साली, दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. त्यावर मोठी माणसंही बोलत नसत.

मग शाळेच्या अंगणात गावाचा नकाशा करायचं ठरलं. राखेनं रस्ते, काडेपेट्यांची घरं, चिंचेच्या डहाळीचा पार, निळ्या कागदाची तेरणा. तेरणेपुढे गुरुजींनी खडूनं बाण काढला: हे पाणी मांजरेला, मांजरा गोदावरीला. आम्ही नकाशा वेशीपाशी थांबवला. गुरुजी उकिडवे बसून बघत राहिले. म्हणाले, "हा माझ्या वर्गात बसतो, मग ह्याचं घर कुठाय?" सगळे गप्प. त्यांनी खिशातली काडेपेटी काढली, काड्या हातात ओतून घेतल्या आणि रिकामी पेटी माझ्या जोडीदाराच्या हातात दिली. त्यानं ती वेशीबाहेर ठेवली. मग पोरं पेट्या शोधत घरोघर पळाली. दुसऱ्या दिवशी गुरुजी आम्हा सगळ्यांना तिकडे घेऊन गेले आणि तिथल्या हापशावर आमच्यादेखत पाणी प्यायले. काही पालकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. गुरुजींनी त्या पालकांच्या पोरांना शिकवताना हात आखडता घेतला नाही, एवढं मला ठाऊक आहे.

त्या वहीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. पण गल्ली माझ्या डोक्यात राहिली.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा लातूरला कॉलेजात होतो. गावात पोहोचलो तेव्हा वेस नव्हती. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाची जड माती. जी घरं उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून तशी बांधलेली, त्यांनीच माणसं खाली घेतली. दगडांचे ढीग सगळे सारखेच दिसत होते. ढिगारा उपसायला आलेले जवान बाहेरगावचे. कुठं खणायचं, आत किती माणसं, हे त्यांना सांगणारं त्या गल्लीत कुणी शुद्धीवर नव्हतं. देवळाचा चौथरा तेवढा ओळखू येत होता. मी तिथून मोजत निघालो. पहिलं सुताराचं. दुसरं बंद, माणसं पुण्याला. तिसरं, चौथं. चौथ्यात सात माणसं, म्हातारी ओसरीवर झोपते. मधल्या अकरा वर्षांत लग्नं झाली होती, लेकरं वाढली होती, पण घरांचा क्रम तोच होता. चौथ्या घराची ओसरी आधी उपसली. म्हातारी जिवंत निघाली. आतली माणसं निघाली नाहीत.

यावर मी इतकी वर्षं लिहिलं नाही. शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी चार शब्द मागितले, तेव्हा दुसरं काही सुचेना.

नव्या गावात घरं मिळाली ती जमिनीच्या हिशोबानं, अ, ब, क अशा गटांत. रस्ते रुंद झाले, रांगा सरळ झाल्या, आणि जुने शेजारी तीन टोकांना गेले. आजची लेकरं पत्ता सांगताना प्लॉट नंबर सांगतात. गेल्या येळवशीला तिसरीच्या बाईंसोबत मी वर्गाला जुन्या गावात घेऊन गेलो. सगळीकडे येड्या बाभळी. एका आज्जीनं लिंबावरून आपला उंबरा ओळखला आणि तिथंच बसून राहिली. पोरांनी तिला पाचही प्रश्न विचारले. बाईंनी ते आधीच फळ्यावर लिहून घेतले होते, आणि सहावा पोरांनीच वाढवला: "आज्जी, शेजारी कोण राहायचं?" त्यावर ती तासभर बोलली.

माझ्या गल्लीची एकतीस घरं मी आठवतील तशी लिहून शाळेत दिली आहेत. तीन घरांची माणसं मला पूर्ण आठवली नाहीत, ते रकाने मोकळे ठेवलेत. 1982-83च्या तिसरीतल्या बाकीच्या पंचवीस जणांना माझी विनंती आहे, की आपापल्या वाट्याची गल्ली लिहून पाठवा. वेशीबाहेरच्या वस्तीची यादी ज्या जोडीकडे होती, त्यातला एक भूकंपात गेला आणि दुसरी सासरी कर्नाटकात आहे. तिला मी फोन केला. ती म्हणाली, "थांब, वही घेते." आणि पहिल्या घरापासून सांगायला लागली.